कर्ज मोजले जाते, मग मन का नाही?

शेतकऱ्याच्या मनाची विचारपूस करणारी प्रश्नावली म्हणजे त्याच्या दुःखाची थट्टा, हे मत मराठवाड्यात आज जवळजवळ सर्वमान्य झाले आहे. जालना जिल्ह्यातील शेतकरी आत्महत्यांवर चर्चासत्र असो, मोर्चासमोरचे भाषण असो की वर्तमानपत्रातला लेख, कोणी अवसादाचे, म्हणजे आठवडेच्या आठवडे टिकून माणसाला कामाधामातून आणि माणसांतून उठवणाऱ्या खिन्नतेच्या आजाराचे नाव काढले, की उत्तर ठरलेले असते: कापसाला भाव द्या, मोसंबीला पाणी द्या, सातबारा कोरा करा, मन आपोआप ताळ्यावर येईल. या युक्तिवादाची पुढची पायरी अशी की, दुखणे बाजारात आणि आभाळात असताना ते शेतकऱ्याच्या डोक्यात शोधणे हा जबाबदारी झटकण्याचा डाव आहे. मन ही मोजण्याची वस्तूच नव्हे. ज्या प्रश्नावल्या वापरायच्या त्या अमेरिकेत बनलेल्या. आणि मोजून काही सापडलेच, तरी उपचार करायला डॉक्टर कुठे आहे? हे मत मांडणारे बहुतेक लोक शेतकऱ्याच्या बाजूचे आहेत, आणि म्हणूनच त्याला कोणी अडवलेले नाही. पण शेतकऱ्याच्या बाजूने बोललेले प्रत्येक वाक्य त्याच्या हिताचे असतेच असे नाही, आणि हे मत तर त्याच्या जिवावर बेतणारे आहे.

ज्या मोजमापाला हा विरोध आहे ते नेमके काय आहे, हे विरोधकांपैकी फार थोड्यांनी पाहिलेले दिसते. अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञ ॲरन बेक यांनी १९६०च्या दशकात असे मांडले की, अवसादग्रस्त माणूस केवळ दुःखी नसतो. स्वतःविषयी, जगाविषयी आणि भविष्याविषयी तो एका ठरावीक साच्यात विचार करत असतो, आणि त्या साच्याच्या मुळाशी लहानपणापासून मुरलेले काही ताठर नियम असतात. अभिवृत्ती म्हणजे एखाद्या गोष्टीकडे पाहण्याची अशी मुरलेली, टिकाऊ मनोधारणा. आणि ती जेव्हा माणसाच्या साऱ्या किमतीला एकाच अटीवर टांगते व त्या अटीत कोणतीही सवलत ठेवत नाही, तेव्हा तिला अपायकारक अभिवृत्ती म्हणतात. कामात हरलो तर माणूस म्हणूनच हरलो, चारचौघांनी वाखाणले नाही तर जगण्यात राम नाही, कुणाकडे मदत मागणे हा कमीपणा आहे, या जातीचे हे नियम असतात. ते मोजण्यासाठी अर्लीन वाइसमन आणि बेक यांनी १९७८ मध्ये एक मापनी मांडली. मुळातील शंभर विधानांतून चाळीस-चाळीस विधानांची दोन समांतर रूपे तयार झाली. प्रत्येक विधानाशी आपण कितपत सहमत आहोत हे उत्तर देणाऱ्याने सात पायऱ्यांवर सांगायचे, आणि बेरीज ४० ते २८० या मर्यादेत कुठेतरी येते. गुण जितके जास्त, तितके स्वतःला तोलण्याचे नियम ताठर. पुढच्या विश्लेषणांत या विधानांमागे मुख्यतः दोन धागे आढळले: कामगिरीतील निर्दोषपणाचा हट्ट आणि इतरांच्या पसंतीची गरज.

ही मापनी आणि लक्षणांची प्रश्नावली यांत गल्लत करून चालणार नाही. आरोग्य केंद्रांत सर्वाधिक प्रचलित असलेली पीएचक्यू-९ ही नऊ प्रश्नांची यादी गेल्या दोन आठवड्यांतली झोप, भूक, थकवा, उदासी, मरणाचे विचार यांविषयी विचारते. तिचे गुण ० ते २७ असतात आणि १० किंवा त्याहून अधिक गुण आले की सहसा पुढील तपासणी सुचवली जाते. आज आजार आहे काय, एवढेच तिला सांगता येते. अभिवृत्तींची मापनी त्याच्या आधीचा प्रश्न विचारते: उद्या संकट आले, तर हा माणूस त्याचा अर्थ काय लावील? लक्षणे दिसू लागेपर्यंत बराच काळ निघून गेलेला असतो. मराठवाडा आणि विदर्भातील चौदा जिल्ह्यांसाठी राज्य शासनाने आणलेल्या प्रेरणा प्रकल्पात जालन्याचा समावेश आहे. आशा कार्यकर्तीने घरोघरी जाऊन ताणाखाली असलेला शेतकरी हेरायचा, गरज भासल्यास त्याला समुपदेशकाकडे पाठवायचे, १०४ हा दूरध्वनी क्रमांक द्यायचा, अशी त्याची रचना. ही चाळणी लक्षणांवर चालते, आणि ती आवश्यकच आहे. परंतु जो शेतकरी अजून झोपतो, जेवतो, बाजारला जातो, आणि तरीही थकबाकीची नोटीस हातात पडताच स्वतःला निकालात काढील, तो या चाळणीतून अलगद खाली पडतो.

आता विरोधकांचा मुख्य मुद्दा घ्यावा. दुःखाचे कारण आर्थिक आहे, म्हणून उपायही आर्थिकच हवा, असे ते म्हणतात. कारण आर्थिक आहे, हे नाकारण्याचा प्रश्नच येत नाही. २०१२-१३च्या दुष्काळात जालना जिल्ह्यातील अंबड, घनसावंगी, बदनापूर या तालुक्यांत वर्षानुवर्षे लेकरासारख्या जपलेल्या मोसंबीच्या बागा उभ्या वाळल्या आणि अनेकांना त्या स्वतःच्या हाताने तोडाव्या लागल्या. त्यातून सावरण्याआधी २०१४च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये गारपिटीने मराठवाड्यातील रब्बी झोपवली. हे नुकसान कोणत्याही अभिवृत्तीने भरून निघणारे नव्हते. पण याच गावांत, त्याच दुष्काळात, तितकीच जमीन आणि तितकेच कर्ज असलेल्या शेजारी-शेजारी दोन घरांपैकी एका घरचा कर्ता कोसळतो आणि दुसऱ्या घरचा बाग तोडून त्या जागी सोयाबीन पेरतो, याचे उत्तर निव्वळ कर्जाच्या आकड्यात कसे सापडेल? २००८ मध्ये केंद्राची कर्जमाफी झाली, २०१७ मध्ये राज्याने दीड लाखापर्यंतची दिली, २०१९च्या अखेरीस दोन लाखांपर्यंतची जाहीर झाली. प्रत्येक वेळी दिलासा मिळाला, आणि प्रत्येक वेळी आत्महत्याही थांबल्या नाहीत. याचा एक भाग सावकारी आणि कृषी सेवा केंद्राच्या उधारीत दडलेला आहे, कारण ती माफीच्या कक्षेत येत नाही. उरलेला भाग मात्र ज्याला विरोधक हात लावू इच्छित नाहीत, तिथे आहे.

विरोधकांना ज्यांचा आधार वाटतो त्या समाजशास्त्रीय अभ्यासांनीही हेच सांगितले आहे. जॉर्ज ब्राउन आणि टिरिल हॅरिस यांचा लंडनमधील कॅम्बरवेल भागातील स्त्रियांचा गाजलेला अभ्यास वाइसमन-बेक मापनीच्याच वर्षी, १९७८ मध्ये, ग्रंथरूपाने आला, आणि अवसादाची मुळे सामाजिक असतात हे त्याने ठामपणे दाखवले: मोठा आघात, आणि त्याच्या जोडीला मनातले बोलायला विश्वासाचे माणूस नसणे, घरात तीन किंवा अधिक लहान मुले असणे, घराबाहेर कमाई नसणे, लहानपणीच आई गमावणे. परंतु एवढ्या सर्व परिस्थितीतून आजारापर्यंतचा रस्ता कुठून जातो, या प्रश्नाला ब्राउन आणि हॅरिस यांचे उत्तर होते: स्वतःच्या किमतीविषयीच्या खालावलेल्या भावनेतून, जिच्यामुळे एका नुकसानीचे रूपांतर सर्वव्यापी निराशेत होते. परिस्थिती आणि धारणा या एकाच वाटेवरच्या पायऱ्या आहेत. मग त्यांतली एक मोजायची आणि दुसरीचे नावही काढायचे नाही, याला शास्त्रीय आधार कोणता?

याहून धारदार आक्षेप असा की, शेतकऱ्याची धारणा विकृत नाहीच, ती खरी आहे. थकबाकीदाराला गावात पत राहत नाही, सोसायटीत त्याचे नवे-जुने होत नाही, मुलीचे स्थळ फिरते, लग्नाच्या पंगतीत पाहुणे नजर चुकवतात. हे सगळे खरे असताना, लोक काय म्हणतील याची चिंता करणाऱ्याला मापनीने जास्त गुण द्यावेत हा अन्यायच नव्हे काय? या आक्षेपाच्या पाठीशी एक प्रसिद्ध प्रयोगही उभा करता येतो. लॉरेन ॲलॉय आणि लिन अब्रॅमसन यांनी १९७९ मध्ये विद्यार्थ्यांना एक बटण दिले आणि हिरवा दिवा लागणे न लागणे आपल्या हाती किती आहे याचा अंदाज करायला सांगितले. खिन्न विद्यार्थ्यांचे अंदाज अचूक निघाले आणि आनंदी विद्यार्थ्यांनी स्वतःचे नियंत्रण फुगवून सांगितले. तेव्हा खिन्न माणूस जगाकडे अधिक स्वच्छ नजरेने पाहतो, असा निष्कर्ष पुष्कळांनी काढला.

हा आक्षेप मापनीतली विधाने न वाचता घेतलेला आहे. यंदा कापसाला भाव मिळणार नाही, हे जगाविषयीचे अनुमान आहे. ते खरे की खोटे हे बाजार समितीत कळते. थकबाकीदाराला गाव मान देत नाही, हे गावाविषयीचे निरीक्षण आहे, आणि तेही बहुधा खरे आहे. पण गाव मान देत नाही म्हणून माझ्या असण्यालाच अर्थ उरला नाही, हे ना अनुमान आहे ना निरीक्षण. तो स्वतःला सुनावलेला निकाल आहे, आणि कोणत्याही बाजारभावाने तो खरा ठरत नाही की खोटाही ठरत नाही. मापनी हा निकाल मोजते. दिव्याचा प्रयोग करणाऱ्या ॲलॉय आणि अब्रॅमसन यांनीच पुढे, उदास नसलेल्या विद्यार्थ्यांना अभिवृत्तींच्या मापनीसह दोन प्रश्नावल्यांच्या आधारे निवडून काही वर्षे त्यांचा मागोवा घेतला. ज्यांचे नियम ताठर होते आणि अपयशाचा दोष स्वतःच्या माथी घेण्याची ज्यांना सवय होती, त्यांना पुढे अवसाद होण्याचे प्रमाण इतरांपेक्षा कितीतरी अधिक आढळले. खिन्न माणूस दिव्याविषयी अचूक असू शकतो आणि स्वतःविषयी क्रूरही असू शकतो. पहिल्या गोष्टीचा आदर करण्यासाठी दुसरीकडे डोळेझाक करण्याची गरज काय?

जालन्याच्या गावांत हा निकाल रोजच्या बोलण्यात उघडपणे ऐकू येतो. 'आता तोंड दाखवायला जागा नाही', 'बापाने कमावलं, मी घालवलं', 'पोरीचं लग्न करता येत नाही तो कसला बाप': ही वाक्ये ज्याने ऐकली आहेत त्याला मापनीतील पसंतीची गरज आणि निर्दोषपणाचा हट्ट हे दोन धागे पुस्तकी वाटणार नाहीत. ही वाक्ये उच्चारणारा माणूस पाऊस पडला नाही म्हणून स्वतःला दोषी धरत आहे. तुझा दोष नाही, असे सभेत सांगणे सोपे आहे. तो स्वतःला किती दोषी धरतो, हे एकांतात विचारल्याशिवाय कळत नाही.

यावर म्हटले जाते की, असे विचारणे म्हणजेच त्याला दोषी ठरवणे. धारणा मोजली, ती अपायकारक निघाली, म्हणजे चूक शेतकऱ्याची, बाजार आणि शासन सुटले. हा धोका खरा आहे. दृष्टिकोन बदला म्हणजे दिवस बदलतील, असे सांगत फिरणारे प्रेरणादायी वक्ते महाराष्ट्रात थोडे नाहीत, आणि त्यांच्या हाती ही मापनी पडली तर ते तिचा असाच उपयोग करतील. पण मोजमापाचा गैरवापर होतो म्हणून मोजमापच टाकून द्यायचे ठरले, तर आणेवारी, पीककापणी प्रयोग, पर्जन्यमापक या सगळ्यांना आधी फेकावे लागेल. त्यांच्या आकड्यांचा गैरवापर शेतकऱ्याने पिढ्यानपिढ्या भोगलेला आहे, आणि तरीही आकडे नकोत असे कोणी शेतकरी नेता म्हणत नाही. तो आकडे बरोबर घ्या म्हणतो. शिवाय हे नियम शेतकऱ्याने एकट्याने घडवलेले नाहीत. एखाद्या गावात निम्म्याहून अधिक प्रौढ पुरुषांनी, मदत मागणे हा कमीपणा आहे, या विधानाला पूर्ण सहमती दिली, तर तो आकडा त्या पुरुषांच्या मेंदूविषयी कमी आणि त्या गावाविषयी अधिक बोलतो: मागितल्यावर तिथे काय वाट्याला येते, कोण हसते, बँकेच्या खिडकीवर किती वेळ उभे करतात. त्याच विधानाला बायकांनी कमी सहमती दिली, तर बचत गटाची सवय त्यांच्या कामी आली का, हे तपासता येते. असे मोजमाप दोष एका माणसाच्या माथी मारत नाही, तो वाटून दाखवते. मोजलेच नाही, तर दोष जिथे आज आहे तिथेच, म्हणजे ज्याने जीव दिला त्याच्या 'कमकुवत मनावर', राहतो.

परदेशी साधनाचा आक्षेप मात्र सर्वांत जास्त टाळ्या घेतो आणि सर्वांत कमी विचार करतो. बदनापूरच्या संशोधन केंद्रात तुरीचा नवा वाण शिफारशीआधी हंगामामागून हंगाम इथल्या जमिनीत लावून पाहिला जातो. तो कुठून आला यापेक्षा इथे टिकतो का, हे विचारले जाते. प्रश्नावलीलाही हीच कसोटी लावायची असते, आणि ती कशी लावायची याची पद्धत ठरलेली आहे. दोन जण स्वतंत्रपणे मराठी करतात, मूळ न पाहिलेला तिसरा ते पुन्हा इंग्रजीत नेतो, फरक कुठे पडला ते पाहिले जाते. मग मंठा किंवा भोकरदनच्या दहा-पंधरा माणसांना एकेक विधान वाचून दाखवून, यातून तुम्हाला काय समजले आणि हेच उत्तर का दिले, असे विचारले जाते. इथेच खरे काम सुरू होते. सात पायऱ्यांत उत्तर देणे शाळा लवकर सुटलेल्या माणसाला जड जाते, म्हणून पायऱ्या कमी करून, कागदावर काढलेल्या शिडीवर बोट ठेवून सांगायला लावावे लागते. 'जर अमुक नसेल तर तमुक नाही' अशा दुहेरी नकाराच्या वाक्याला माणूस भलत्याच बाजूने मान डोलावतो. त्याहून मोठी अडचण फॉर्मची: जालन्यात कोणी छापील कागद आणि पेन घेऊन ओसरीवर आले, की ते अनुदानासाठी, विम्यासाठी किंवा वसुलीसाठी आले असे घर धरून चालते, आणि प्रत्येक विधानाला 'हो, हो' म्हणते, कारण सरकारी कागदाला नाही म्हणून आजवर कुणाचे भले झालेले नाही. म्हणून काही विधाने उलट अर्थाची घालावी लागतात, म्हणजे सगळ्यांना हो म्हणणारा ओळखू येतो. आणि ओसरीवर सासू, भाऊ, शेजारी बसलेले असताना, लोकांच्या बोलण्याने माझी किंमत ठरते का, या प्रश्नाचे उत्तर तेच लोक ऐकणार असतील, तर ते कोण खरे देईल? हे विचारायचे ते गोठ्याशी, बांधावर, माणूस एकटा असताना. या अडचणी साधन निकामी असल्याचा पुरावा आहेत, असे म्हणणाऱ्याने आधी एखाद्या तालुक्यात त्या सोडवून पाहाव्यात.

भाषांतर अपुरे पडेल तिथे नवी विधाने रचावी लागतील, आणि त्यालाही दाखला आहे. मूळचे मुंबईचे आणि पुढे गोव्यात 'संगत' ही संस्था उभारणारे मानसोपचारतज्ज्ञ विक्रम पटेल यांनी १९९०च्या दशकात झिम्बाब्वेमध्ये सहकाऱ्यांसह शोना भाषिकांसाठी चौदा प्रश्नांची यादी तयार केली, ती पाश्चात्त्य यादीचे भाषांतर करून नव्हे, तर रुग्ण आणि स्थानिक उपचारक आपले दुखणे ज्या शब्दांत सांगतात ते गोळा करून. 'फार विचार करणे' हा तिथला वाक्प्रचार तिच्यात आला. पुढे त्याच देशात 'मैत्रीचा बाक' या उपक्रमात, बाकावर बसून समुपदेशन करणाऱ्या आज्यांच्या कामात हीच यादी उपयोगी पडली. जालन्याची मापनी अशी व्हायला कोणाची हरकत आहे? कर्ज थकले की माणसाने चारचौघांत बसू नये. वडिलांची जमीन विकणारा मुलगा नालायक. घरच्या अडचणी बायकोलाही सांगू नयेत: अशी विधाने लिहून ती विश्वसनीय आहेत का, म्हणजे पंधरवड्याने तोच प्रश्न विचारला तर उत्तर साधारण तेच येते का, आणि यथार्थ आहेत का, म्हणजे जे मोजायचे तेच मोजतात का, हे पाहणे एखाद्या पदव्युत्तर विभागाच्या आवाक्यातले काम आहे. मापनीच्या गुणांना कोणतीही जगन्मान्य सीमारेषा नाही. इथली प्रमाणके, म्हणजे इथल्या माणसांचे सर्वसाधारण गुण, इथेच काढावी लागतात. मन मोजता येत नाही, असे म्हणणाऱ्यांना या कामाचा पत्ताच नसतो. मोजणे म्हणजे मन पुरते ओळखणे असा दावा कोणत्याही चाचणीकाराने केलेला नाही. दोन माणसांत किंवा एकाच माणसाच्या दोन वेळांत काही फरक आहे का, आणि तो किती, एवढेच मोजमापाने सांगायचे असते.

अभ्यासकांच्या वर्तुळात एक आक्षेप घेतला जातो, आणि त्याला मान दिला पाहिजे. अवसाद उतरला की या मापनीवरचे गुणही उतरतात; मग ती कारण मोजते की केवळ आजाराची सावली? हे निरीक्षण बरोबर आहे. पण त्यावरचे कामही थांबलेले नाही. मिरांडा आणि पर्सन्स यांनी १९८८ मध्ये असे सुचवले की हे नियम बऱ्या माणसात नाहीसे होत नाहीत, ते झोपी जातात आणि मन खालावले की जागे होतात. पुढे झिंडेल सेगल आणि सहकाऱ्यांनी अवसादातून बऱ्या झालेल्यांना उदास संगीत ऐकवून व दुःखद आठवण काढायला लावून थोडा वेळ खिन्न केले, आणि त्याच्या आधी व नंतर मापनी भरून घेतली. ज्यांचे गुण त्या थोड्याशा खिन्नतेनेही उसळले, त्यांचा आजार पुढच्या काळात अधिक प्रमाणात उलटला. म्हणजे आक्षेपाने मापनी बाद झाली नाही, ती कधी वापरावी हे ठरले. जालन्यात संगीत ऐकवून मन खाली आणण्याची गरज नाही. ते काम परतीचा पाऊस, पडलेला भाव आणि मार्चअखेरची वसुली दरवर्षी करतात. मृगाच्या आधी एकदा आणि मार्चनंतर एकदा तीच विधाने त्याच माणसाला विचारली, तर कुणाचे नियम संकटाने ताठर होतात ते कळू शकते, आणि ते कळणे कोणत्याही एका दिवसाच्या गुणांपेक्षा मोलाचे आहे.

राहिला शेवटचा आक्षेप, की मोजून करायचे काय. मनोविकारतज्ज्ञ जिल्ह्याच्या गावी, तेही मोजके. ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी ही राज्याची चार जुनी प्रादेशिक मनोरुग्णालये, आणि त्यांतले एकही मराठवाड्यात नाही. २०१५-१६च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणातल्या बारा राज्यांत तर महाराष्ट्र नव्हताच. पण ताठर नियम सैल करण्याचे काम मनोरुग्णालयाचे नाही. पाकिस्तानातील रावळपिंडीच्या ग्रामीण भागात आतिफ रहमान आणि सहकाऱ्यांनी आपल्या आशांसारख्याच गावपातळीवरच्या आरोग्य कार्यकर्तींना बेकप्रणीत उपचाराची सोपी रूपे शिकवली, आणि अवसादग्रस्त मातांवर त्यांनी ती वापरली. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार सहा महिन्यांनी अवसाद टिकून राहण्याचे प्रमाण त्या गटात २३ टक्के होते, तर नेहमीच्या भेटी मिळालेल्या गटात ५३ टक्के. अमरावती जिल्ह्यातील तीस गावांत 'विश्राम' या कार्यक्रमाने गावातल्याच कार्यकर्त्यांकरवी काम केले, आणि अवसादग्रस्तांपैकी कोणत्याही प्रकारची मदत घेणाऱ्यांचे प्रमाण दीड वर्षात ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेले. ही गावे कापूस पिकवणारी, कोरडवाहू, कर्जात बुडालेली, म्हणजे जालन्याच्या जातीचीच आहेत. तिथे भाव वाढलेला नव्हता आणि पाणीही आलेले नव्हते. डॉक्टर येईपर्यंत थांबा, असे म्हणणाऱ्यांनी या दोन आकड्यांना उत्तर द्यावे.

आता या सगळ्या विरोधातली विसंगती पाहावी. शेतकऱ्याने जीव दिला की मोजमाप सुरू होते, आणि तेव्हा कोणीही त्याला थट्टा म्हणत नाही. तलाठी सातबारा काढतो, बँकेचा दाखला येतो, थकबाकी किती, वसुलीचा तगादा होता का, नापिकी होती का, जमीन कुटुंबात कुणाच्या नावावर होती, सावकार परवानाधारक होता का, हे सगळे रकान्यांत भरले जाते, आणि २००६च्या निकषांवर जिल्हा समिती प्रकरण पात्र किंवा अपात्र ठरवते. पात्र ठरले तर एक लाख रुपये, त्यातले तीस हजार हाती आणि सत्तर हजार ठेवीत. माणूस गेल्यावर त्याचे कर्ज रुपयापर्यंत मोजण्याला ज्यांची हरकत नाही, त्यांनी तो जिवंत असताना, थकलेल्या कर्जाचा तो काय अर्थ लावतो हे विचारण्याला अपमान म्हणावे, हे कोणत्या न्यायाने? पात्र-अपात्रच्या फाइलीत त्या अर्थाला एकही रकाना नाही. त्याने बायकोला कर्जाची रक्कम कधी सांगितली होती का, मदत मागणे त्याला कमीपणाचे वाटत होते का, सोसायटीच्या फलकावर नाव लागल्यापासून तो पारावर बसायचा थांबला होता का, हे कोणी लिहून घेत नाही, आणि म्हणून पुढच्या घरात ते कोणी शोधतही नाही.

तेव्हा भाव द्या ही मागणी कायम ठेवून, तिच्या शेजारी दुसरी मागणी तितक्याच आवाजात केली पाहिजे. प्रेरणा प्रकल्पाच्या फॉर्मवर लक्षणांच्या प्रश्नांखाली दहा-बारा विधाने असावीत, ती अंबड-परतूरच्या बोलीत लिहिलेली आणि तिथेच तपासलेली असावीत, आणि ती विचारण्यासाठी आशाताईला जादा मानधन, प्रशिक्षण आणि एकांतात बोलण्यापुरता वेळ मिळावा. छत्रपती संभाजीनगरच्या विद्यापीठातील मानसशास्त्र विभाग आणि जालन्यातील महाविद्यालये हे काम एका शैक्षणिक वर्षात उभे करू शकतात. प्रबंधांसाठी परक्या प्रश्नावल्या शहरातल्या विद्यार्थ्यांकडून भरून घेण्यात जातो त्यापेक्षा जास्त खर्च त्याला येणार नाही. ज्याचे गुण चढे निघतील त्याच्या घरी त्याच आठवड्यात कोणीतरी परत गेले पाहिजे, आणि ती जबाबदारी कोणाची हे फॉर्मवर नावानिशी छापलेले असले पाहिजे. तेवढी तरतूद नसेल तर मोजूच नये. आणि तेवढी तरतूद करून घेण्यासाठी शेतकऱ्यांच्या नावाने बोलणाऱ्या प्रत्येकाने तहसीलवर मोर्चा न्यावा.